दत्तक कुत्रं घरी आणलंत? मग पहिले पंधरा दिवस प्रेम जरा आवरतं घ्या

दत्तक कुत्रं घरी आलं की हल्ली पहिल्या तासात काय होतं ते सगळ्यांना पाठ आहे. दारात औक्षण, तोंडासमोर पेटलेलं निरांजन, गळ्यात झेंडूची माळ, मग मांडीवर घेऊन फोटो आणि बघायला आलेली मजल्यावरची सगळी पोरं. रीलवर बदामांचा पाऊस. त्या रीलमध्ये एकदा कुत्र्याकडे नीट बघा. शेपूट पोटाखाली, कान मागे चिकटलेले, जीभ सारखी नाकावरून फिरतेय, डोळ्यांच्या कडेला पांढरं दिसतंय. खाली कॉमेंट असते, "किती शांत आहे हो!" ते शांत नसतं, भीतीने जागच्या जागी थिजलेलं असतं. आणि मग आठ-दहा दिवसांत दुसरी पोस्ट येते: "आमच्याकडे जमत नाहीये, कुणाला हवं असेल तर सांगा."

माझं मत स्पष्ट आहे. परत येणाऱ्या कुत्र्यांमध्ये खोट क्वचितच असते. माणसांची घाई नडते.

मुळात कोणतं कुत्रं घरी आणायचं, इथपासून घाई सुरू होते. गल्लीत चार घरी खाऊन मजेत राहणारं, कानाला व्ही आकाराचा छेद असलेलं (म्हणजे नसबंदी आणि रेबीजची लस झालेलं) मोठं कुत्रं उचलून सातव्या मजल्यावर आणणं याला मी रेस्क्यू म्हणत नाही. त्याला त्याचा इलाका आहे, तिथेच राहू द्या. घराची गरज आहे ती आई नसलेल्या पिल्लांना, अपघातात पाय गेलेल्यांना, आंधळ्यांना आणि मालकाने सोडून दिलेल्या किंवा ब्रीडरने वापरून टाकून दिलेल्या लॅब-पगना.

कुत्रं यायच्या आधी त्याचा कोपरा तयार हवा. मुख्य दाराजवळ नको, कारण तिथे दिवसभर बेल वाजते. बाल्कनीतही नको. हॉलचा आतला कोपरा किंवा बेडरूम, दोन बाजूंना भिंत, खाली जुनी गोधडी आणि पाण्याचं भांडं. टेबलावरून चादर खाली सोडली तरी उत्तम आडोसा होतो. रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याला गुळगुळीत टाइल्सची सवय नसते. पाय घसरले की ते एका जागी बसून राहतं आणि आपण म्हणतो आळशी आहे. कोपऱ्यापासून दारापर्यंत सतरंज्या किंवा योगा मॅट टाका, फरक लगेच दिसतो. त्या कोपऱ्यात असताना त्याला कुणीही हात लावायचा नाही, लहान मुलांनी तर नाहीच. जवळ जायचंच असेल तर जरा लांब, पाठ किंवा कूस त्याच्याकडे करून जमिनीवर बसा, मोबाईल बघा. ते वास घ्यायला येईल. हात डोक्यावरून नको, हनुवटीखालून किंवा छातीला, तीन सेकंद. मग हात काढून घ्या. त्याने पुन्हा नाक पुढे केलं तर अजून तीन सेकंद, तोंड फिरवलं तर विषय संपला. पाहुणे पंधरा दिवस बंद.

आता दार. माझ्या मते पहिल्या महिन्यातली सगळ्यात मोठी जोखीम हीच. आपल्याकडे दूधवाला, कामवाल्या मावशी, कुरियर, सिलिंडर, इस्त्रीवाला, दार उघडंच. घाबरलेलं कुत्रं पायांमधून निसटतं ते थेट जिन्याने खाली. सेफ्टी डोअर कायम लावलेलं हवं आणि बेल वाजली की आधी कुत्रं दुसऱ्या खोलीत. बाहेर नेताना साध्या पट्ट्यावर विसंबू नका. कुत्रं मागे सरकून मान खाली घालतं आणि पट्टा कानांवरून सटकतो. छातीवर वाय आकार येणारा हार्नेस आणि सोबत ओढल्यावर थोडा आवळणारा मार्टिंगेल पट्टा, दोन्हींना वेगवेगळ्या लीश. साधा पट्टा आणि मान यांच्यामध्ये दोन बोटं जातील इतकीच जागा. फोन नंबरची पट्टी पहिल्या दिवसापासून. मागे-पुढे खेचली जाणारी, बटणावर चालणारी लांब लीश तर अजिबात नको. ती हातातून सुटली की प्लास्टिकची मूठ खडखडत त्याच्या मागे धावते आणि कुत्रं अजून जोरात पळतं.

पळालंच तर पाठलाग करू नका, हाका मारत दहा जण गोळा करू नका. कुत्रं दिसत असेल तर खाली बसा, तोंड वळवा, चिकन टाका. दिसत नसेल तर निसटलं त्या जागी त्याची गोधडी ठेवा आणि रात्री उशिरा व पहाटे, रस्ता शांत असताना, तिथे थांबा.

फिरायला नेण्याची वेळही तीच, पहाटे साडेपाच किंवा रात्री अकरा. कारण गल्लीतली कुत्री. नव्या वासाचं कुत्रं त्यांना हद्दीत चालत नाही आणि आपलं बांधलेलं असल्याने त्याला पळायलाही येत नाही. पहिले काही दिवस दहा मिनिटं, एकच ठरलेला रस्ता, एवढं पुरे.

शी-शूचं गणित लोकांना कळत नाही म्हणून सांगतो. मातीवर वाढलेलं कुत्रं टाइलवर, कागदावर, पॅडवर करायला तयार होत नाही. काही कुत्री अख्खा दिवस धरून ठेवतात. त्याचे पाय माती ओळखतात, म्हणून त्याला मातीच द्या: सोसायटीच्या मागचा कच्चा तुकडा, किंवा बाल्कनीत ट्रेमध्ये माती. झोपून उठल्यावर आणि खाल्ल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी न्यायचं. केलं की तिथल्या तिथे खाऊ, घरी आल्यावर नाही. घरात झालं तर नाक घासणं, ओरडणं बंद. तसं केलं की ते फक्त तुमच्यासमोर करायचं थांबवतं आणि सोफ्याच्या मागे उरकतं. फिनेलने वास झाकला जातो, जात नाही. वास मुळापासून काढणारा एन्झाइमवाला क्लीनर आणा.

खाणं आधी जे होतं तेच तीन-चार दिवस. नंतर आठवडाभरात पाव, अर्धं, पाऊण असं बदलत न्या. दूध-पोळीने पोट बिघडतं, कारण बहुतेक मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट आणि शिजवलेली हाडं पूर्ण बंद. 15 किलोच्या कुत्र्याला कोरडं खाणं दिवसाला साधारण 220 ते 250 ग्रॅम लागतं, दोन वेळांत विभागून. पाकिटावरचा तक्ता बघून घ्या. उपाशी राहिलेलं कुत्रं भांड्याजवळ कुणी आलं की गुरगुरतं. त्यावर "सवय लावतो" म्हणून भांड्यात हात घालणारे काका प्रत्येक घरात असतात. कृपया नको. लांबून जाताना भांड्याकडे चिकनचा तुकडा टाका आणि पुढे चालू लागा. माणूस जवळ आला की जिन्नस वाढतो, हे त्याला कळायला हवं.

डॉक्टरकडे दोन-तीन दिवसांत जा, पण लसींची नोंद सोबत न्या. गोचीड लागलेल्या कुत्र्याला टिक फीव्हर बहुधा घरी आल्यानंतर उघडा पडतो, कारण लागण होऊन लक्षणं दिसायला एक ते तीन आठवडे जातात. खाणं सोडलं, हिरड्या पांढुरक्या दिसल्या, नाकातून रक्त आलं तर त्याच दिवशी रक्ततपासणी, प्लेटलेटसह. पिल्लाला उलट्या आणि रक्ताची शी असेल तर पार्व्होची (पिल्लांचा जीव घेणारा विषाणूजन्य आजार) शंका धरा, सकाळपर्यंत थांबू नका. आणि ज्या घरात आधी पार्व्होने पिल्लू गेलंय तिथे पूर्ण लसीकरण न झालेलं नवं पिल्लू आणू नका. तो विषाणू घरात कित्येक महिने टिकतो.

एकटं राहायची सवय दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासूनच. आठवडाभर रजा काढून चोवीस तास सोबत आणि सोमवारी एकदम नऊ तास कुलूप, हा हमखास बिघाडाचा रस्ता. आधी दाराबाहेर तीस सेकंद, मग दोन मिनिटं, मग पाच. रडायला लागायच्या आत परत या.

दहाव्या-पंधराव्या दिवसानंतर कुत्रं खुलतं, म्हणजे भुंकतं, चपला फाडतं, क्वचित गुरगुरतं. इथेच लोक म्हणतात "बिघडलं". उलट, आता त्याला बोलायची हिंमत आली. गुरगुरण्यावर मारलंत तर पुढच्या वेळी इशारा न देता चावेल. चावलंच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना, कुत्र्याच्या लसी झालेल्या असल्या तरी.

रेस्क्यूवाल्यांनाही बोलायलाच हवं. "एकदम फ्रेंडली, मुलांसोबत छान" असं प्रत्येक पोस्टवर चिकटवणं बंद करा. मांजर बघून काय करतं, पुरुषांना घाबरतं का, लिफ्टमध्ये चढतं का, हे लिहा. तिसऱ्या आणि दहाव्या दिवशी फोन करा. नाहीच जमलं तर कुत्रं तुमच्याकडेच परत येईल असं लेखी घ्या.

सोसायटीचं थोडक्यात: प्राणी कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार बहुमताने ठराव करूनही कुत्रं पाळण्यावर बंदी घालता येत नाही. पण महापालिकेचा परवाना काढणं आणि शी उचलणं हे आपलं काम आहे, ते करा म्हणजे भांडायला तोंड राहतं.

दिवाळीच्या किंवा विसर्जनाच्या आठवड्यात कुत्रं घरी आणू नका, पंधरा दिवस पुढे ढकला. आणि ती पहिल्या दिवशीची अंघोळ तर नकोच! वास येत असेल तर ओल्या फडक्याने पुसा. गोचिडांसाठी मानेवर सोडायचं औषध लावायचं असेल तर आधी दोन आणि नंतर दोन दिवस तशीही अंघोळ चालत नाही.