बाहेर पाऊस आहे का?

परवा ऑफिसच्या लिफ्टमध्ये एका गृहस्थांनी मला अगदी आपुलकीने विचारलं, "बाहेर पाऊस सुरू झाला का हो?"

बाहेर रणरणतं ऊन होतं. थंड प्रदेशातून माझी इकडे बदली झाली, कपडे तिकडचेच आले आणि त्यातला फिका राखाडी शर्ट घालून मी बसस्टॉपपासून चालत आलो होतो. एवढी पार्श्वभूमी पुरे.

"पाऊस नाही, घाम आहे," मी म्हणालो.

"एवढा?"

यावर माणसाने काय बोलावं? गृहस्थांचं स्वतःचं गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं. पूर्ण बाह्या, कडक इस्त्री, कपाळ ठणठणीत कोरडं. मला वळायला सांगण्याची तसदी न घेता ते स्वतःच मागे जाऊन माझी पाठ बघून आले. "बॅगेचे पट्टेसुद्धा उमटलेत!" पुढच्या मजल्यावर एक बाई आत आल्या. "बघा ना मॅडम, मला वाटलं पाऊस." मॅडमनीही वाकून पाहिलं.

"पाणी कमी पिता का?" त्यांनी विचारलं.

"नाही, भरपूर पितो."

"मग त्यानेच होत असेल."

"माझ्या मेहुण्याला अस्संच व्हायचं," गृहस्थ म्हणाले. "थायरॉईड तपासून घेतलं त्याने."

"काय निघालं?" न राहवून मी विचारलं.

"काही नाही. पण तपासलेलं बरं." आणि उतरता उतरता, "काळं मात्र घालू नका हं. काळं ऊन ओढतं."

हे मला सगळेच सांगतात. वाळवंटातले बेदुइन शतकानुशतकं काळे झगे घालत आले, त्यांना सांगायला कोणी गेलं नाही. १९८० साली संशोधकांनी याची चक्क मोजणी केली, तर काळ्या आणि पांढऱ्या झग्यात अंगाला लागणारी उष्णता सारखीच निघाली. झगा ढगळ असतो, आत वारा खेळतो आणि कापडाने ओढलेली जादा उष्णता अंगाला लागायच्या आधीच निघून जाते. म्हणजे प्रश्न रंगाचा कमी, ढगळपणाचा जास्त. पण ऑफिसात झगा घालून येऊ का, हे विचारायची सोय नाही. शिवाय तिथली हवा कोरडी. इथे हवाच इतकी दमट की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला तरच अंग गार होतं. नुसता टपकणारा घाम म्हणजे फुकट गेलेली मेहनत.

तर आता माझ्या कपाटात आवडनिवड अशी उरलेलीच नाही. कपडा घ्यायचा तो ओला झाल्यावर कसा दिसेल हे बघून. राखाडी आणि आकाशी बाद. पांढरा आणि गडद निळा चालतो, फक्त निळ्यावर घाम वाळला की काखेपासून मिठाची पांढरी रेघ उमटते. सुती कापड घाम पितं आणि मग अंगाला चिकटून बसतं. पॉलिएस्टर जवळजवळ पीतच नाही, पण संध्याकाळपर्यंत त्याला जो वास येतो त्याबद्दल न बोललेलं बरं. लिनन सगळ्यांत उत्तम, मात्र घालून पाच मिनिटांत उशीखालून काढल्यासारखा दिसतो. हौसेने घेतलेलं चामड्याचं जॅकेट कपाटातच राहिलं. काल काढून पाहिलं तर कॉलरच्या घडीत हिरवट बुरशी, अगदी शिवणीच्या रेषेने गेलेली.

एवढं सगळं जमवूनही ऑफिसात शिरलं की एसी २० अंशांवर. बाहेर भिजायचं आणि त्याच ओल्या शर्टात आत कुडकुडायचं. त्यात 'औपचारिक पोशाख', म्हणजे पूर्ण बाह्या, बंद बूट आणि बैठक असेल तर टाय. हे नियम ज्या कोणी केले ते नक्की थंडीत बसून केले असणार. जपान सरकारने २००५ मध्ये 'कूल बिझ' नावाची मोहीम काढली: उन्हाळ्यात टाय काढा, कोट काढा आणि ऑफिसातला एसी २८ अंशांवर ठेवा. मंत्रीसुद्धा बिनटायचे फिरू लागले. हे सगळं मी रीतसर ईमेलने आमच्या प्रशासन विभागाला कळवलं.

'सूचनेची नोंद घेतली आहे,' असं उत्तर आलं. दुसऱ्या दिवशी एसी १९ वर. चौकशी केली तर कळलं, मोठ्या साहेबांना उकडत होतं.

साहेब कोट घालतात ना.