डिकी उघडत नाही

गेल्या रविवारी सकाळी मी एका अनोळखी आजींचा दहा किलो दळणाचा डबा कोथरूडमधल्या एका इमारतीत तीन मजले चढवून दिला. लिफ्ट बंद होती. डबा टेकवून घाम पुसतोय, तोवर आजींचे चिरंजीव म्हणाले, "तुम्हाला गाडी घ्यायचीच नाहीये. तुम्हाला नुसता शहाणपणा दाखवायचाय." आज बुधवार. पोटऱ्यांचं दुखणं गेलं, ते वाक्य जात नाही.

गाडी म्हणजे २०११ ची वॅगन आर, पेट्रोल, एमएच-१० म्हणजे सांगलीचं पासिंग, किंमत एक लाख साठ हजार. माझं बजेट सगळं धरून दीड. नोकरीचं दुसरं वर्ष, आणि दोन पावसाळे दुचाकीवर भिजून झालेत. बास, एवढीच पार्श्वभूमी.

जाहिरातीत लिहिलं होतं, 'सिंगल ओनर, लेडी ड्रिव्हन, नॉन अ‍ॅक्सिडेंटल, फक्त जेन्युइन बायर'. या भाषेचा कोश कुणीतरी काढायला हवा. 'लेडी ड्रिव्हन' वाचून गाडी जपून चालवली असं आपण समजायचं. खरं तर कोणी चालवली यापेक्षा कुठे चालवली ते बघावं. रोज गर्दीत पाच किलोमीटर, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, पाय कायम क्लचवर, अशी गाडी तीस हजार किलोमीटरांतही क्लच खाऊन बसते. हायवेला पळालेली ऐंशी हजारांनंतरही ठणठणीत असू शकते. 'डॉक्टर ओनर'चा भाव का चढतो हे मला आजवर कळलेलं नाही. डॉक्टर गाडीला रोज तपासतात की काय? 'अर्जंट सेल' म्हणजे घाई तुम्ही करायची, किंमत आहे तिथेच राहणार. आणि 'जेन्युइन बायर' म्हणजे न बघता पैसे देणारा, हे मला रविवारी कळलं.

थंड इंजिन बघायचं असतं, म्हणून आदल्या रात्रीच निरोप दिला होता की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. आठला पोचलो, बोनेटवर हात ठेवला. चांगलंच तापलेलं.

"आत्ताच दूध आणायला गेलो होतो," गाडीचे मालक काका, म्हणजे आजींचे ते चिरंजीव, म्हणाले.

जुन्या इंजिनाची पापं सकाळच्या पहिल्या दहा सेकंदांत बाहेर पडतात. व्हॉल्व्ह सील गेलेले असतील तर रात्रभर ऑइल झिरपून सिलिंडरमध्ये उतरतं आणि स्टार्टरला सायलेन्सरमधून निळा धूर येतो. बॅटरी मेलेली असेल तर तेव्हाच कण्हते. एकदा इंजिन गरम झालं की सगळे सभ्य दिसायला लागतात. धुराचे रंग पाठ असावेत: निळा म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, पांढरा गरम इंजिनातही थांबत नसेल आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केटकडे, म्हणजे इंजिनाच्या डोक्याखालच्या पॅकिंगकडे, बघा. थंडीत सकाळी थोडी पांढरी वाफ सगळ्याच गाड्यांना येते, तिला भिऊ नका.

मग मी ऑइलचं झाकण उघडलं. आतल्या बाजूला दुधाच्या चहासारखा फेस असेल तर ऑइलमध्ये पाणी मिसळतंय अशी शंका घ्यायची. फेस नव्हता. इंजिन चालू ठेवून झाकण काढलं आणि तिथून धुराचे भपके आले, म्हणजे गॅरेजवाले ज्याला 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात ते असेल, तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिनकाम आलं. तेही नव्हतं. इंजिन बरं होतं, हे प्रामाणिकपणे सांगतो. वॅगन आरचं २०१० नंतरचं ९९८ सीसी तीन सिलिंडरचं इंजिन मुळात चिवट, त्याला टायमिंग चेन असते, बेल्ट बदलायचा खर्च नाही. उभ्या गाडीत थोडं थरथरतं, ती तीन सिलिंडरची जात आहे. ही थरथर म्हणजे बिघाड समजून पाच हजार कमी करा म्हणणारे वीर मी पाहिलेत. त्यांच्यामुळेच आम्ही बदनाम.

मात्र बोनेटच्या बिजागरीच्या बोल्टांवरचा रंग उडालेला होता. कंपनीतून गाडी निघते तेव्हा बोल्टांवरही बॉडीचाच रंग असतो. पाना लागला की कडा सोलतात, म्हणजे बोनेट कधीतरी काढलंय. पिलरवरचे कंपनीचे वेल्डिंगचे ठिपके बिघडलेले दिसले तर अपघाताची दुरुस्ती झाली अशी शंका घ्यायची. मी दाराचं रबर थोडं ओढून पिलरवरचे स्पॉट वेल्डिंगचे गोल ठिपके बघायला लागलो, तेव्हा काकांचा चेहरा बदलला.

"काय शोधताय?"

"ठिपके."

"दीड लाखाच्या गाडीत ठिपके कसले बघता?"

हे वाक्य मी तीन महिन्यांत तीन जणांकडून ऐकलंय. पंधरा लाखांची गाडी घेणाऱ्याला शोरूममध्ये सरबत मिळतं आणि त्यानं सीटचा रंग नाकारला तरी 'सर' म्हणतात. दीड लाखवाल्यानं टायरवरची तारीख वाचली की तो खडूस. वास्तविक तपासायची जास्त गरज त्यालाच आहे, कारण त्याच्याकडे दुसरे दीड लाख नाहीत.

टायरवरची तारीख म्हणजे साइडवॉलवर लंबगोलात चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. या गाडीच्या तीन टायरांवर १७ साल आणि एकावर १४. नक्षी छान होती, त्यावर काळं पॉलिश मारलेलं होतं, पण रबर वयानं कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक नीट लागत नाही. चार टायर म्हणजे बारा-पंधरा हजार. मी वहीत लिहिलं. वही बघून काकांनी एक लांब श्वास सोडला.

टेस्ट ड्राइव्हला काका म्हणाले, "जाताच आहात तर आईला गिरणीत नेऊन आणू. डबा आहे." जवळचा गिरणीवाला जाड दळतो, म्हणून दळण भुसारी कॉलनीत. मला बरंच वाटलं. पुढे चांदणी चौकाचा चढ मिळतो आणि क्लच चढावरच बोलतो. आजी मागे बसल्या, डबा मांडीवर घेऊन.

"आजी, डबा डिकीत ठेवू या की."

"डिकी उघडत नाही रे."

"उघडते," काका म्हणाले.

"उघडते, पण मग लागत नाही. टेम्पोनं ठोकल्यापासून."

गाडीत शांतता पसरली. काकांनी खिडकीबाहेर बघत सांगितलं की टेम्पो अगदी हळू होता. आजी म्हणाल्या, "हळू कसला? माझा चष्मा पुढं जाऊन पडला होता की."

इथे एक सांगून ठेवतो. विमा असलेल्या गाडीची मागची पॉलिसी नेहमी मागावी. लागोपाठ क्लेम नसेल तर नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, २० टक्क्यांपासून चढत पाच वर्षांत ५० वर जातो. पंधरा वर्षं जपून वापरलेल्या गाडीच्या पॉलिसीवर बोनस शून्य दिसला, तर बहुधा मध्ये पॉलिसी तुटली होती किंवा गेल्या वर्षी क्लेम घेतलाय. या पॉलिसीवर शून्य होता. मी नंतर विचारायचं म्हणून जपून ठेवलं होतं; आजींनी आधीच फोडलं. हा बोनस माणसाचा असतो, गाडीचा नव्हे, त्यामुळे काकांचा ५० टक्के असता तरी मला त्याचा उपयोग शून्यच होता.

पौड रस्त्याला लागलो. खड्ड्यातून डाव्या बाजूनं खट् खट्. सस्पेन्शनमधला लिंक रॉड किंवा लोअर आर्मचा बुश, फार मोठा खर्च नाही. वळणावर स्टेअरिंग पूर्ण फिरवून हळू पुढे नेली, कट् कट् आली नाही, म्हणजे अ‍ॅक्सल जॉइंट शाबूत. मी काच खाली करून आवाज ऐकत होतो.

"काच वर करू नकोस हां," आजी मागून म्हणाल्या. "ती अर्ध्यातच बसते. मग दार उघडून ओढावी लागते."

"आई, तू जरा गप्प बस."

"अरे, त्याला कळायला नको? उद्या पावसात बसेल बिचारा."

मीटर ४८,००० दाखवत होतं. स्टेअरिंगचं रबर मात्र घासून चकचकीत, क्लच पेडलवरच्या रेघा गायब, ड्रायव्हर सीटची उजवी कड बसलेली. अठ्ठेचाळीस हजारांत एवढं झिजत नाही. मीटर मागे फिरवणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. पेडलचं रबर मागे फिरत नाही. डॅशबोर्डवरचं घड्याळही चुकीची वेळ दाखवत होतं. ते दिसलं की मी सावध होतो. बॅटरी नुकतीच काढून लावली असेल तर चेक इंजिनचे साठलेले कोडही पुसलेले असू शकतात. किल्ली फिरवल्यावर तो पिवळा दिवा आधी लागायला हवा आणि सुरू झाल्यावर विझायला हवा. अजिबात लागतच नसेल तर दिवाच कुणीतरी मिटवलाय.

चढावर तिसऱ्या गिअरमध्ये दाबली. इंजिनाचा आवाज वाढला, गाडी तेवढीच. क्लच प्लेट बदलायला आली. वही.

"एवढं काय लिहितोस रे बाळा?" आजींनी विचारलं. "परीक्षा आहे?"

गिरणीजवळ थांबलो. काका डबा घेऊन उतरले. मी ही संधी साधून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायला लागलो. पुराची गाडी ओळखायची ही सोपी रीत. गाडी धुतात, सीट बदलतात, अत्तर मारतात, पण पट्टा पूर्ण ओढून कुणी धूत नाही. गुंडाळीतल्या शेवटच्या वीतभर भागात गढूळ रेघ राहते. सोबत सीटखालच्या रुळांवरचा गंज, कार्पेट उचलून खालचा कुबट वास आणि फ्यूज बॉक्समागचे कपलर, म्हणजे वायरींचे जोड, बघायचे. तांब्यावर हिरवा थर चढला की आज काच अडकते, उद्या वायपर, परवा पेट्रोल पंपाची वायर, आणि प्रत्येक वेळी इलेक्ट्रिशियनला बिघाड नव्यानं शोधावा लागतो.

"तो पट्टा ओढू नकोस," आजी म्हणाल्या. "त्यातून अजून महापुराची माती गळते. माझी पांढरी साडी खराब झाली होती."

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा गाडी आवारात उभी होती. किती पाणी होतं, ते आजींनी हातानं दाखवलं. हात डॅशबोर्डच्या वर होता. "पण आमच्या बाळ्यानं सगळी धुऊन घेतली," त्या कौतुकानं म्हणाल्या. "आता बघ, कळतं का?"

काका पीठ घेऊन आले. डबा गरम होता. परतीच्या वाटेवर कुणी काही बोललं नाही, आजी सोडून. त्यांनी मला पगार, गाव आणि गव्हाची कुठली जात चपातीला चांगली हे विचारलं.

पार्किंगमध्ये मी हिशेब मांडला. टायर, क्लच, डिकीचं लॉक, काच. शिवाय खासगी गाडीची आरसी, म्हणजे नोंदणी, पंधरा वर्षांची, ती संपायला सात महिने. नूतनीकरणाची सरकारी फी ५,००० रुपये, त्यात गाडी आरटीओत नेऊन दाखवायची, वर पर्यावरण कर. नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलेली नव्हती. ती ७४५ रुपये अधिक जीएसटी. दोन ई-चलान बाकी, आणि चलान नंबराला चिकटतं, माणसाला नाही. आरसीवर बँकेचा बोजा तसाच. काका म्हणाले, कर्ज २०१६ लाच फिटलं. फिटलं असेल, पण बँकेची एनओसी, म्हणजे ना हरकत पत्र, आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ दिल्याशिवाय आरटीओला ते कळत नाही, आणि एनओसी जुनी झाली की बँकेकडून नवी आणावी लागते.

"कागद काय, नंतर होतील. आधी टोकन द्या," काका म्हणाले.

या 'नंतर'चं मला खरंच भय वाटतं. कायद्यानं विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. लोक कोरे सही केलेले फॉर्म देऊन मोकळे होतात. मग गाडी तिसऱ्याला जाते, चौथ्याच्या हातून अपघात होतो आणि नोटीस पहिल्याच्या दारात. त्यात नुकसान काकांचं होतं. तेच सांगत होतो मी.

मी एक लाख पाच हजार म्हणालो. काका म्हणाले, डबा वर नेऊन देता का, माझी पाठ धरलीये. मला वाटलं, वर बसून बोलणी होतील. वर काय झालं ते सुरुवातीला सांगितलंच आहे. 'तुम्ही'चं 'तू' झालं नाही, एवढीच सभ्यता. पाणी आजींनी दिलं.

सोमवारी जाहिरातीवर 'विकली गेली' आलं. मंगळवारी रात्री काकांचा फोन.

"तो घेणारा टोकन देऊन गेला, पण आता कागद मागतोय. ते फॉर्म कुठले म्हणालात तुम्ही?"

सांगू नये असं फार वाटलं. "एकोणतीस आणि तीस. एकोणतीसच्या दोन प्रती. बोजा उतरवायला पस्तीस. आणि फास्टॅग बंद करा, नाहीतर त्याचा टोल तुम्ही भराल."

"थांबा, लिहून घेतो," ते म्हणाले. मागून आजींचा आवाज आला, "तोच का रे तो? त्याला म्हणावं, शनिवारी बाजरी आहे."