‘सीएच्या पत्रावर सही करू नका’ म्हणणाऱ्यांना उत्तर

सोलापुरातल्या कारखानदारांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. ऑडिटआधी सीए जे एंगेजमेंट लेटर, म्हणजे कामाच्या अटींचं पत्र, देतो ते त्याचं हात झटकण्याचं साधन आहे, ऑडिटरचं काम कायद्यानं ठरलेलंच असतं, चोरी पकडणं त्याचीच जबाबदारी, आणि एकदा सही केली की कायमचे अडकलात, असं त्यात म्हटलंय. मी ऑडिटच्याच कामात आहे. या सल्ल्यानं नुकसान सही न करणाऱ्याचंच होतं.

हात झटकण्याचं आधी घेऊ. कायद्यानं ऑडिटरवर टाकलेली जबाबदारी कुठल्याही पत्रानं कमी होत नाही. आयसीएआय या सीएंच्या संस्थेच्या एसए २१० या ऑडिटच्या मानकानुसार पत्रात दोन्ही बाजू येतात: ऑडिटची व्याप्ती, ऑडिटरचं काम, मालकाचं काम, हिशेब कोणत्या नियमांच्या चौकटीत मांडायचे आणि अहवाल साधारण कसा असेल. मालकानं हिशेब तयार करण्याची आणि सगळी कागदपत्रं, माणसं खुली ठेवण्याची जबाबदारी मान्य केली नाही, तर ऑडिटरनं काम घ्यायचंच नाही. अपवाद फक्त कायद्यानं भाग पाडलं तर.

‘काम कायद्यानं ठरलेलं’ यात अर्धं तथ्य आहे. कायद्यात अटी पुरेशा तपशिलानं असतील तर त्या सगळ्या पत्रात पुन्हा लिहायची गरज नसते; तो कायदा लागू आहे आणि मालकाला आपली जबाबदारी मान्य आहे, एवढं लेखी पुरतं. पण अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना घ्या. सुताची कोनं गोदामात, काही माल डाईंगला (रंगवायला), काही सायझिंगला (सुताला खळ द्यायला) दुसऱ्याच्या शेडमध्ये. ३१ मार्चला बाहेरचा माल कोण मोजणार, त्या वेळी ऑडिटरचा माणूस हजर असेल का, हे काम करून देणाऱ्या जॉबवर्कवाल्याकडून मालाची लेखी खात्री कोण मागवणार? हे कुठलाच कायदा तुमच्या वतीनं ठरवत नाही. आधी बोलणं झालं नाही की सप्टेंबरमध्ये, टॅक्स ऑडिटच्या घाईत, त्यावरूनच भांडण होतं.

चोरीचं म्हणाल तर, ती होऊ न देणं आणि झाली तर पकडणं हे मुळात मालकाचं आणि संचालकांचं काम. ऑडिटर मोठी चूक किंवा लबाडी डोळ्याआड करू शकत नाही. कंपनीत १ कोटी किंवा त्याहून मोठी अफरातफर दिसली तर त्याला केंद्र सरकारला कळवावं लागतं. पण तो नमुने तपासतो, प्रत्येक पावती नाही.

‘कायमचे अडकलात’ हे तर साफ खोटं. दरवर्षी नवं पत्र लागतंच असं नाही, पण मालकी बदलली, धंदा बदलला किंवा गैरसमज दिसला तर अटी नव्यानं ठरवायच्या असतात. मात्र बाहेरगावच्या व्यापाऱ्यांकडची येणी सिद्ध होईनात, म्हणून मध्येच ‘ऑडिट नको, नुसता रिव्ह्यू (ऑडिटपेक्षा वरवरची तपासणी) करा’ असं सांगितलं तर ऑडिटरला ते मान्य करता येत नाही. ही अट तुमच्या बँकेलाही सांभाळते, कारण कर्ज देताना ती त्याच अहवालावर विसंबते.

सही करण्याआधी पत्र वाचा, मोजणीची तारीख आणि फी त्यात घालून घ्या. कंपनी किंवा फर्मच्या ऑडिटची फी कुणी नफ्याच्या टक्क्यांत मागितली तर सरळ नकार द्या. सनदी लेखापाल (सीए) कायदा, १९४९ नुसार ते गैरवर्तन आहे.