कूलरचे दोन बोल्ट

आमच्या गाडीला यंदा १७ वर्षे पूर्ण झाली असून "विकून टाका आता" हे वाक्य आमच्या घरात "जेवायला चला" इतक्याच सहजतेने उच्चारले जाते. गेल्या उन्हाळ्यात तिने ब्रेक दाबताच किंचाळायला सुरुवात केली. ब्रेकचे पॅड संपत आले की पत्र्याची एक बारीक जीभ चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला घासावी आणि मालकाला जाग यावी, अशी ती मुद्दाम केलेली सोय असते, हे मला ठाऊक होते. तरीही मी काचा वर करून दोन महिने काढले. मग किंचाळणे थांबले आणि खरखर सुरू झाली. लोखंडावर लोखंड घासू लागले होते, त्यामुळे पॅडच्या जोडीला डिस्कचाही खर्च मी स्वकष्टाने कमावला.

हे काम घरीच करायचे ठरवले, त्याला कारण मोबाइलवर पाहिलेली एक चित्रफीत. तिच्यातला माणूस घामाचा थेंबही न गाळता २० मिनिटांत एक चाक संपवत होता. तो जळगावात राहत नसावा, हे मला तेव्हाच कळायला हवे होते. आमच्याकडे एप्रिलअखेरीस नऊ वाजता उन्हात ठेवलेला पाना उचलण्यासाठीही चिमटा लागतो.

म्हणून रविवारी सकाळी सहालाच मी अंगणात उतरलो. बायकोने त्याआधीच दोन खाटांवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घातले होते आणि गाडीची धूळ त्यांच्यापर्यंत पोहोचली तर परिणामांना मी जबाबदार राहीन, असे बजावून ठेवले होते. मागच्या चाकांना विटांची उटी लावून, हँडब्रेक ओढून मी जॅकवर गाडी उचलली आणि पाना लावला, तर नटाबरोबर चाकही गोल फिरू लागले.

"भाऊ, चाक जमिनीवर असतानाच नट ढिले करतात," असा आवाज कुंपणावरून आला. शेजारचे अप्पा भुसावळच्या रेल्वे शेडमधून निवृत्त झालेले आहेत. ते प्लॅस्टिकची खुर्ची आणि चहाचा कप घेऊन आले, तेव्हाच त्यांचा मुक्काम दीर्घ आहे हे मी ओळखले.

चाक निघाले, पॅड धरून ठेवणारा कॅलिपरही सुटला. तो रबरी नळीवर लोंबकळला तर नळी आतून फाटू शकते, म्हणून मी तो तारेने स्प्रिंगला बांधला. आतल्या बाजूच्या पॅडवर मसाला औषधालाही उरला नव्हता. डिस्कवर मात्र बोट फिरवले तर नांगरलेल्या शेतासारखे चर लागत होते. एवढ्यावर काम संपले असते, पण जुनी डिस्क चाक ज्यावर बसते त्या हबवरून हलेना. १७ पावसाळ्यांच्या गंजाने तिला तिथे सासर करून दिले होते. मी रॉकेल ओतले, लाकडाचा ठोकळा धरून हातोडा चालवला, डिस्क फिरवून पुन्हा हातोडा चालवला. गंजाचे पापुद्रे उडत होते, बायको खाटा सरकवत होती आणि दीड तासानंतर मोहल्ल्यातली चार मुले अप्पांच्या खुर्चीभोवती बसून माझे घाव मोजत होती.

"डिस्कला आट्यांची दोन भोके आहेत ना," अप्पा कप खाली ठेवत म्हणाले, "त्यांत आठ एमएमचे बोल्ट घाला आणि आळीपाळीने आवळा. ती आपोआप बाहेर येईल."

"अप्पा, हे तुम्हाला आधीपासून माहीत होते?"

"तुम्ही विचारलं कुठे?"

रविवारी हार्डवेअरची दुकाने बंद होती. तसे दोन बोल्ट साऱ्या घरात एकाच ठिकाणी होते: कूलरच्या स्टँडला. ते काढले, हलक्या हाताने आवळत गेलो आणि डिस्क 'टक्' असा एकच आवाज करून हातात आली. घरातून त्याहून मोठा आवाज आला, कारण कूलर एका बाजूला कलला होता.

पुढचे संकट माझे स्वतःचे होते. पॅड झिजतात तसा त्यांना दाबणारा कॅलिपरमधला पिस्टन बाहेर येतो आणि टाकीतले ब्रेक ऑइल खाली जाते. ते कमी दिसले म्हणून मी महिन्यापूर्वीच टाकी काठोकाठ भरली होती. नव्या जाड पॅडसाठी शिकंज्याने पिस्टन मागे दाबला, तेव्हा ते सगळे तेल परत वर येऊन बॉनेटखालच्या रंगावर ओघळले. ब्रेक ऑइल रंग खाते, म्हणून मी बादलीभर पाणी ओतले. बिबड्यांच्या एका खाटेचे काय झाले, ते इथे लिहीत नाही.

दुसरे चाक अर्ध्या तासात झाले. नव्या डिस्कवरचे तेल पुसले, गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबले (पहिल्यांदा ते थेट तळाला टेकते, आणि फाटकापाशी हा शोध लागू नये), आणि संध्याकाळी गाडी शिरसोली रस्त्यावर काढली. नवे पॅड डिस्कवर बसावेत म्हणून ताशी ५० पर्यंत जायचे, हळूहळू दाबत १० वर यायचे, पूर्ण थांबायचे नाही, आणि असे आठ-दहा वेळा करायचे. मागून येणारा मोटारसायकलवाला तीनदा माझ्यामुळे दचकला. चौथ्यांदा तो शेजारी आला, माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहून कनवाळूपणे म्हणाला, "काय काका, गाडी शिकी राह्यनात का?"