तीन दिवसांच्या पट्ट्या कुठे गेल्या

साहेब, नमस्कार. तुम्ही एक तारा देऊन लिहिलंय की नवा लॅपटॉप असून कासवासारखा चालतो, 'एकात दोन कॉम्प्युटर' सांगून आम्ही जुनीच विंडोज गळ्यात मारली, जे फुकट मिळतं त्याचे २,५०० रुपये घेतले आणि ऐन हंगामात तीन दिवसांच्या पट्ट्या पुसल्या गेल्या. मार्केट यार्डात गुळाची पट्टी हरवणं म्हणजे काय, हे मला कळतं. शेतकरी समोर उभा असतो आणि त्याचे किती रवे (गुळाच्या ढेपा), काय दर, अडत-हमाली-तोलाई वजा जाऊन हातात किती, हे सांगता येत नाही. म्हणून आधी पट्ट्यांचंच बोलतो.

तुमच्या लॅपटॉपवर विंडोज ११ च्या आत व्हर्च्युअलबॉक्स आहे, म्हणजे एका कॉम्प्युटरच्या आत दुसरा चालवणारा प्रोग्राम, आणि त्यात जुनी विंडोज, एक्सपी, चालते. काम पूर्ण झालं त्या दिवशी आम्ही त्या एक्सपीचा एक 'स्नॅपशॉट' घेऊन ठेवला, म्हणजे पुढे काही बिघडलं तर यंत्र जसंच्या तसं त्या दिवसावर आणता येतं. चौथ्या दिवशी प्रिंटर अडला तेव्हा तुमच्या दिवाणजींनी यादीत 'रिस्टोअर' पाहिलं आणि दाबलं. रिस्टोअर म्हणजे दुरुस्ती, असंच कुणालाही वाटेल. पण त्या बटणाने अख्खं यंत्र त्या जुन्या दिवसावर गेलं आणि मधल्या तीन दिवसांत डिस्कवर जे लिहिलं गेलं होतं ते गेलं. गंमत नाही, पण उलटं आहे: तिथेच शेजारी 'डिलीट' आहे, ते वाचून भीती वाटते, आणि त्याने मात्र आजचा डेटा जात नाही. फक्त परतीची खूण जाते, मधलं काम मूळ डिस्कमध्ये मिसळतं. दिवाणजींची यात काही चूक नाही. ही खूण मागे ठेवायची होती तर ती दाखवून, समजावून द्यायला हवी होती, नाहीतर काढूनच टाकायला हवी होती. आम्ही दोन्हीपैकी काहीच केलं नाही. ही आमची चूक आहे आणि त्याबद्दल मी मनापासून माफी मागतो.

वेगाचंही तसंच, निम्मं आमच्या पदरात. लॅपटॉपला ८ जीबी रॅम आहे आणि आमच्या दुकानातल्या मुलाने त्यातली ४ जीबी एक्सपीला देऊन टाकली. तुमच्या प्रोग्रामला १ जीबीसुद्धा जास्तच आहे. उरलेल्या चारमध्ये विंडोज ११, ब्राउझर आणि बँकेचं काम, मग अडकणारच. हे मी स्वतः तपासायला हवं होतं.

दुसरं कारण आम्ही जाणूनबुजून ठेवलंय, ते मात्र सांगायचं राहिलं. एक्सपीच्या खिडकीत खालच्या पट्टीवर हिरवं कासव दिसतं ना, त्याचा अर्थ असा की प्रोसेसरमधली व्हर्च्युअलायझेशनची सोय विंडोज ११ ने स्वतःच्या संरक्षणासाठी धरून ठेवली आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सला तिच्यामार्फत, जरा वळसा घालून काम करावं लागतं. 'मेमरी इंटिग्रिटी' हे त्यातलंच एक संरक्षण. ते बंद केलं तर कासव बहुधा जाईल, वेगही वाढेल. पण त्याच लॅपटॉपवरून तुम्ही शेतकऱ्यांच्या खात्यात पैसे पाठवता. थोड्या वेगासाठी मी ते काढणार नाही, आणि तुम्हीही कुणाला काढू देऊ नका.

आता जुनी विंडोज का, ते. तुमचा पट्टीचा प्रोग्राम फॉक्सप्रो या जुन्या भाषेत लिहिलेला, डॉसचा, म्हणजे विंडोजच्या आधीच्या काळातला. ६४-बिट विंडोजवर असले प्रोग्राम सुरूच होत नाहीत आणि विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्ती नाही. प्रोग्राम लिहिणारे गृहस्थ आता सापडत नाहीत, जुन्या डेस्कटॉपची हार्डडिस्क आवाज करायला लागली होती, आणि एक्सपीची खोक्यातली सीडी परवान्यासकट तुमच्या कपाटात होती. उद्यमनगरातल्या एका मुलाने तुम्हाला डॉसबॉक्स, म्हणजे नव्या विंडोजवर डॉसचे प्रोग्राम चालवणारा प्रोग्राम, सुचवलं, ते चुकीचं नाही. पण ते मुख्यतः जुन्या खेळांसाठी बनवलेलं आहे. रोजच्या हिशेबाला आणि डॉट मॅट्रिक्सवरच्या छपाईला मी त्यावर विसंबलो नसतो. एक्सपीला कंपनीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला, म्हणून आत इंटरनेट मुद्दाम दिलेलं नाही. व्हर्च्युअलबॉक्स फुकट आहे हेही खरं. २,५०० रुपये दोन दिवसांच्या मजुरीचे होते, त्यातला निम्मा वेळ तर प्रोग्रामची एलपीटी-१ वर (प्रिंटरच्या जुन्या जोडणीवर) जाणारी छपाई यूएसबी प्रिंटरकडे वळवण्यात गेला. पण जे काम गिऱ्हाइकाचा डेटा सांभाळू शकलं नाही त्याची मजुरी मी ठेवणार नाही. ती परत करतोय.

मंगळवारी सौदे आटोपले की मी स्वतः येतो, सोबत टायपिंगचा मुलगा. पट्ट्यांच्या कार्बन प्रती गड्डीला आहेत असं दिवाणजी फोनवर म्हणाले, त्यावरून तिन्ही दिवस पुन्हा भरून देऊ आणि बेरजा तुमच्या रोजकीर्दीशी ताडून पाहू. मग तो स्नॅपशॉट काढून टाकतो, एक्सपीची रॅम १ जीबीवर आणतो, आणि डेस्कटॉपवर एक आयकॉन ठेवतो: दुकान बंद करताना तो दाबला की सगळ्या डीबीएफ फायली (ज्यांत तुमच्या पट्ट्या साठतात) एक्सपीच्या बाहेर, विंडोज ११ च्या फोल्डरमध्ये त्या दिवसाच्या तारखेने जातील. आतलं यंत्र उद्या मोडलं तरी त्या फायली बाहेर राहतात आणि लिबरऑफिस या फुकट मिळणाऱ्या ऑफिस प्रोग्राममध्ये उघडून वाचताही येतात. शनिवारी तोच फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्यायचा, ते दिवाणजींना दोनदा करून दाखवतो.

तोवर एक्सपी बंद करताना 'शट डाउन'च करा, व्हर्च्युअलबॉक्सच्या यादीतलं काही दाबू नका. आणि जुना डेस्कटॉप भंगारात देऊ नका, मागच्या हंगामांच्या फायलींची दुसरी प्रत अजून त्याच्यातच आहे.