‘एक वाचक’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर (जरा लांबलंय)

नमस्कार.

गीतेच्या चौदाव्या अध्यायातल्या ‘अहं बीजप्रदः पिता’ वर मी लिहिलं, त्याखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी: मी म्हटलं होतं की १४.३-४ मध्ये प्रकृती ही आई आणि देव हा बीज देणारा बाप, म्हणजे जे जे जन्माला येतं त्यात जीव ओतणारा तोच. यावर यांचा आक्षेप असा की ५.१४ मध्ये ‘न कर्तृत्वं न कर्माणि लोकस्य सृजति प्रभुः’ (लोकांचं कर्तेपण किंवा कर्मं देव निर्माण करत नाही) असं स्वच्छ सांगितलेलं असताना देवाला कर्ता कसं काय ठरवलंत. इथवर ठीक होतं. पण पुढे लिहिलंय, ‘ताई, पारायण करणं वेगळं आणि गीता समजणं वेगळं.’

मी काय करते, काय वाचते, हे तुम्हाला कोणी सांगितलं हो?

मी नेवाशाजवळच्या खेड्यात वाढले. ज्या खांबाला टेकून माऊलींनी ज्ञानेश्वरी सांगितली असं मानतात तिथे आमच्या घरचं माणूस एकादशीला गेलं नाही असं व्हायचं नाही. वडील सप्ताहात व्यासपीठ चालवायचे, पहाटे काकडा, मग पारायण, आणि पारायण उठलं की दुपारी पारावर जे भांडण जुंपायचं ते तुम्ही ऐकायला हवं होतंत. अंगठा उठवणारी माणसं होती त्यात, पण नववा अध्याय झाला की हमखास कोणीतरी विचारायचं की मग जग देवानं केलं का प्रकृतीनं, नक्की काय ते सांगा. म्हणजे तुमचाच प्रश्न, फक्त ते लोक तो विचारताना समोरच्याची अक्कल काढत नव्हते. आणि तुम्ही म्हणता पारायण वेगळं न् समजणं वेगळं! आमच्याकडे तरी ते एकाच मांडवात चालायचं.

बरं, मी कोणी ‘दादा’ असते तर हेच वाक्य असंच लिहिलं असतंत का? मला नाही वाटत. ताई म्हणायचं आणि वर शिकवणी घ्यायची, ही सवय ओळखीची आहे माझ्या.

आता मुद्दा. पाचवा अध्याय चाललाय कर्माबद्दल, माणसाचं कर्तेपण, त्याचं कर्म, त्याचं फळ, हे देव कुणाच्या गळ्यात बांधत नाही, एवढं तिथे म्हटलंय, म्हणून तर लगेच पुढच्या श्लोकात पाप-पुण्य आलंय की तो कुणाचं पाप घेत नाही आणि पुण्यही घेत नाही. चौदाव्यात विषय जन्माचा आहे. आणि दोन्हीची गाठ हवी असेल तर ९.१० बघा, ‘मयाध्यक्षेण प्रकृतिः सूयते सचराचरम्’, प्रसवते प्रकृती पण त्याच्या देखरेखीखाली. माऊली तर तिथेच जवळ म्हणतात की नगर राजानं वसवलं असं आपण म्हणतो आणि ते खरंच असतं, पण म्हणून राजाचे हात शिणले का? झालं. आमच्या पारावर एवढ्यावर वाद मिटायचा, निदान पुढच्या सप्ताहापर्यंत.

हां, ९.१० मी मूळ लेखातच घ्यायला हवा होता, तेवढं मान्य. श्लोक सुटा दिला की असा गैरसमज होऊ शकतो.

बाकी शांकरभाष्य, सांख्य, बिग बँग असं जे एका दमात ओतलंय त्याला उत्तर देत बसत नाही. गीतारहस्य वाचलंय का असंही विचारलंत. वाचलंय. टिळकांनी ते मंडालेच्या तुरुंगात लिहिलं तरी त्यात माझ्यासारख्या वाचकाला कुठे हिणवलेलं आठवत नाही.

पुढचा लेख पंधराव्यातल्या १३-१४ वर आहे, वनस्पतींना मी पोसतो, पोटातला अग्नी होऊन अन्न मी पचवतो, असं देव तिथे स्वतःच म्हणतोय. तिथेही ५.१४ चिकटवायचा असेल तर खुशाल चिकटवा, फक्त येताना पाचवा अध्याय सलग वाचून या आणि नाव टाकून लिहा.