आधी पडायला शिकवा

२०२५च्या जूनमध्ये शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी जाहीर केलं की महाराष्ट्रात पहिलीपासूनच मुलांना प्राथमिक लष्करी प्रशिक्षण द्यायचं. शिस्त, व्यायामाची सवय, देशप्रेम. शिकवायला माजी सैनिक, क्रीडाशिक्षक, एनसीसीवाले. बातमी आमच्या घरच्या ग्रुपवर पडली आणि अर्ध्या तासात थोरल्या भावाचा व्हॉइस मेसेज आला. "बरं झालं. पोरं फार मऊ पडत चाललीत. जरा आवाज चढवला की डोळ्यांत पाणी. तुमच्या जपानात बघ की, लहानपणापासून कशी घडवतात."

"तुमच्या जपानात" ऐकायची मला सवय झालीय. एसटी उशिरा आली की जपान, विसर्जनानंतर रस्त्यावर कचरा दिसला की जपान. शिस्तीचा विषय निघाला तर आरतीच. मी तोक्योच्या निशि-कासाई भागात राहतो आणि माझा नऊ वर्षांचा मुलगा आठवड्यातून दोनदा ज्युदोला जातो, एवढ्या भांडवलावर घरचे मला या विषयातला जाणकार मानतात. मी सांगायला लागलो की मात्र त्यांना दुसरी कामं आठवतात.

मुलाचा क्लास वॉर्डाच्या क्रीडा केंद्रात असतो. पहिला महिनाभर त्याला कुणाला पाडायला शिकवलंच नाही. फक्त पडायचं. मागे पडायचं, डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर, कोलांटी घेऊन पुढे. हनुवटी छातीला चिकटलेली आणि नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर, म्हणजे डोकं मागे आपटत नाही. पाठ टेकायच्या क्षणी दोन्ही हात तिरके पसरून तळवे चटईवर जोरात आपटायचे, म्हणजे दणका हातांत वाटला जातो. याला उकेमी म्हणतात. वीस पोरं एका वेळी उकेमी करायला लागली की पत्र्यावर गारा पडल्यासारखा आवाज होतो. सेन्सेई, म्हणजे त्याचे गुरुजी, पासष्टीच्या पुढचे आहेत. ते रांगेतून फिरतात आणि एखाद्याची मान सैल दिसली की तिथंच उकिडवे बसून, त्याच्या डोक्याखाली आपला तळवा धरून त्याला परत पडायला लावतात.

मी हे कौतुकानं व्हिडिओ कॉलवर अण्णांना दाखवलं. अण्णा म्हणजे आमचे वडील, तरुणपणी गावच्या तालमीत घुमलेले. त्यांनी शांतपणे बघितलं आणि विचारलं, "पडायला शिकवतात? आणि त्याची फी घेतात?"

त्यांचंही बरोबर होतं म्हणा. आमच्या घरात लहानपणापासून एकच वाक्य घुमायचं : पाठीला माती लागू द्यायची नाही. पाठ टेकली की चितपट, विषय संपला. ज्युदोतही पाठीवर स्वच्छ आपटला की डाव तिथंच संपतो, म्हणजे नियम जवळपास तोच. पण ते लोक त्याच पाठीपासून शिकवायला सुरुवात करतात. १८८२ साली कोदोकान ही ज्युदोची मूळ शाळा काढणारे कानो जिगोरो स्वतः किरकोळ अंगाचे, शाळेत दांडग्या पोरांचा मार खाल्लेले होते. आपटल्यावर काय होतं हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नसावी.

आता भावाला न आवडणारा भाग. जपाननं हे आपलंच शहाणपण मध्ये साफ विसरून दाखवलं.

दुसऱ्या महायुद्धाआधीच्या काळात शाळांमधल्या बुदोला, म्हणजे ज्युदोसारख्या युद्धकलांच्या शिक्षणाला, सैनिकी रंग चढला होता. इतका, की युद्धानंतर अमेरिकनांनी शाळांतून तो बंदच करून टाकला. ज्युदोला १९५०मध्ये परत प्रवेश मिळाला. पुढं २००६मध्ये शिक्षणाचा मूलभूत कायदा बदलला, त्यात परंपरेचा आदर आणि देशाबद्दलचं प्रेम ही कलमं आली, आणि एप्रिल २०१२पासून सातवी-आठवीच्या वयाच्या सगळ्या मुलामुलींना ज्युदो, केन्दो (बांबूच्या तलवारीचा खेळ) किंवा सुमो यातलं काहीतरी सक्तीचं झालं. संस्कार, शिष्टाचार, कणखरपणा. शब्द ओळखीचे वाटतील.

ही सक्ती येत असतानाच नागोया विद्यापीठातले उचिदा र्‍यो नावाचे संशोधक शाळांच्या अपघात-भरपाईच्या नोंदी चाळत बसले होते. १९८३पासूनच्या अठ्ठावीस वर्षांत जपानच्या शाळांमध्ये ज्युदो खेळताना ११४ मुलं दगावली होती. बरीचशी डोक्याला मार लागून, मेंदूत रक्तस्राव होऊन, आणि त्यातली पुष्कळशी पहिल्या वर्षाची, म्हणजे नीट पडायलाही न शिकलेली. ओसोतोगारी हा आपल्या टांगेच्या जातीचा डाव. पाय मागून उडतो आणि माणूस सरळ मागे जातो. नवख्या पोरावर तो थकलेला असताना पुन्हा पुन्हा टाकला तर काय होतं, हे त्या नोंदींत होतं. मुलं गमावलेल्या पालकांनी २०१०मध्ये संघटना काढली, आरडाओरडा केला, तेव्हा कुठं ज्युदो महासंघानं आणि शिक्षण खात्यानं नियम कडक केले. मृत्यू झपाट्यानं घटले. म्हणजे ते टाळता येण्यासारखे होते.

शिवाय २०१२च्या अखेरीस राष्ट्रीय ज्युदो संघाच्या पंधरा महिला खेळाडूंनी प्रशिक्षकांनी मारहाण आणि अपमान केल्याची तक्रार केली. बांबूच्या तलवारीनं मारलं होतं. मुख्य प्रशिक्षकाला जावं लागलं. आणि २०२२मध्ये ज्युदो महासंघानं प्राथमिक शाळेच्या मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धाच बंद करून टाकली. कारण काय, तर दहा-अकरा वर्षांच्या पोरांना वजनगटासाठी उपाशी ठेवलं जात होतं, आणि आईबाप नि प्रशिक्षक कडेला उभे राहून पंचांवर ओरडत होते. महासंघाचे अध्यक्ष तेव्हा यामाशिता यासुहिरो होते, १९८४चे ऑलिंपिक विजेते. ज्यांचं सगळं आयुष्य जिंकण्यात गेलं त्यांनीच, लहान मुलांना जिंकायला लावू नका, म्हणून स्पर्धा बंद केली. मी हे ग्रुपवर लिहिलं. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.

भाऊ मूर्ख नाही. त्याचं दुखणं खरं आहे. त्याच्या सोसायटीतली पोरं खाली उतरतच नाहीत, आणि जी उतरतात ती तीन-तीन महिन्यांनी पट्टा बदलणाऱ्या क्लासला जातात. दर पट्ट्याची परीक्षा, परीक्षेची फी, सर्टिफिकेट, फ्लेक्स. एका नऊ वर्षांच्या पोरीला काळा पट्टा मिळाला म्हणून त्यानंच फोटो टाकला होता. कोदोकानमध्ये काळ्या पट्ट्याला वयाची चौदा वर्षं तरी पूर्ण लागतात, म्हणजे माझ्या पोराला अजून पाच वर्षं वाट बघायचीय. मला यातली वाट बघणंच जास्त कामाचं वाटतं, पण हे फ्लेक्सवर लिहिता येत नाही.

कुस्तीनं चारित्र्य आपोआप घडत असतं तर अहिल्यानगरला २०२५च्या महाराष्ट्र केसरीत आधी दोनदा ती गदा जिंकलेल्या मल्लानं पंचाला लाथ मारली नसती. निकाल वादग्रस्त असेलही. तीन वर्षांची बंदी आली. त्या दिवशी मला मल्लापेक्षा त्याच्या आजूबाजूची गर्दी आठवत राहिली. लाथ बसली तेव्हा शिट्ट्या वाजवणारे लोक तिथंही होते आणि आमच्या ग्रुपवरही.

शाळेत आम्हालाही शिस्त होतीच. पीटीच्या सरांच्या हातात निरगुडीची छडी असायची. कवायतीत पाऊल चुकलं की पोटरीवर. एकदा माझा बूट फाटला होता म्हणून मी लंगडत होतो. सरांनी विचारलंच नाही, अख्ख्या रांगेला कोंबडा करायला लावलं. त्या चार वर्षांत मी कणखर झालो का, माहीत नाही. खोटं बोलण्यात मात्र तरबेज झालो. छडी दिसली की पोटात दुखतंय म्हणायचो आणि चेहराही तसा करायचो.

म्हणून पहिलीच्या पोरांना कवायत शिकवायची की नाही, या वादात मला फारसा रस नाही. शिकवा. पण साठ पोरांच्या वर्गासमोर जो माणूस उभा राहणार आहे त्याला सहा वर्षांच्या मुलाबद्दल काय माहीत असेल? निवृत्त हवालदारानं आयुष्यभर अठरा वर्षांचे, स्वतःहून भरती झालेले जवान घडवलेले असतात. पोर दमलंय की नाटक करतंय, हे ओळखायला वेगळी नजर लागते, आणि ती त्याला कोण शिकवणार, किती दिवसांत, हे मला त्या घोषणेत सापडलं नाही. भावाला हे विचारलं तर म्हणाला, "तू फार विचार करतोस. तिकडं राहून मऊ पडलास."

गेल्या ऑगस्टमध्ये मुलाच्या सुट्टीत आम्ही गावी गेलो. पावसानं उघडीप दिली होती. अण्णा नातवाला तालमीत घेऊन गेले. दारात मारुतीच्या तसबिरीला नमस्कार, आखाड्यातली चिमूटभर माती कपाळाला. पोरगं चटईला वाकून नमस्कार करायला शिकलेलं, त्यामुळं त्याला हे कुणी सांगावं लागलं नाही. आत लाल माती, तेल आणि ताकाचा तो आंबूस वास. वस्ताद सत्तरीचे, कानाच्या पाळ्या चुरगळून घट्ट झालेल्या. ते दोन चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांची लढत बघत बसले होते. त्यातला एक सारखा खाली जात होता आणि लाजून पुन्हा उठत होता. वस्तादांनी एकाएकी "बास" म्हटलं. पोरगं म्हणालं, अजून एक. "बास म्हटलं ना. मान गेलीय तुझी, उद्या ये." आणि स्वतः उठून त्याच्या मानेला तेल लावायला बसले.

मी सेन्सेईंचा तळवा आठवत उभा होतो, तेवढ्यात अण्णा म्हणाले, "वस्ताद, आमचं जपानी पोरगं पडायला शिकलंय. बघा तरी."

मुलगा मातीत उतरला, हनुवटी छातीला लावली, आणि धाडकन मागे पडला. दोन्ही तळवे आपटले तशी माती उसळून वस्तादांच्या धोतरावर आणि अण्णांच्या तोंडावर गेली. पोरं खिदळली. अण्णांनी डोळे पुसले. वस्ताद हसले नाहीत. पुढं सरकून त्यांनी त्याच्या मानेखालच्या मातीवरून हात फिरवला, बघितलं, आणि म्हणाले, "पुन्हा पड. सावकाश."